रिकाम्या वाटीचं माप

दिगंबर खांबेटे यांनी उभ्या आयुष्यात टिचकी मारल्याशिवाय एकही वस्तू घरात येऊ दिली नाही. माठ, नारळ, कलिंगड ही झाली सगळ्यांचीच गोष्ट. पण दिगंबरराव चहाचा कप वाजवून बघत, फरशी वाजवून बघत. कोथरूडला सोसायटीत फ्लॅट घेतला तेव्हा त्यांनी सगळ्या भिंती बोटाच्या पेराने वाजवून बिल्डरच्या माणसाला घाम फोडला होता. स्वयंपाकघरात ओट्यामागे ते थांबले आणि म्हणाले, "इथे पोकळ आहे." फोडून पाहिलं, तर प्लास्टरच्या आत सिमेंटच्या रिकाम्या गोण्या कोंबलेल्या निघाल्या.

वासंतीबाई आल्यागेल्याला सांगत, "दाखवण्याच्या कार्यक्रमात यांनी आधी बशी वाजवून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं."

"बशीला तडा होता," दिगंबरराव म्हणत.

"आणि मला?"

"तपास चालू आहे."

हा स्वभाव त्यांनी नोकरीतून आणला की नोकरीत नेला, हे सांगणं अवघड आहे. भोसरीच्या एका फाउंड्रीत ते एकोणतीस वर्षं तपासनीस होते. ओतलेला लोखंडी भाग बाहेरून गुळगुळीत दिसतो, पण आत हवेचा बुडबुडा अडकलेला असू शकतो. तो शोधायचा, आणि भाग न फोडता शोधायचा, हे त्यांचं काम. सुरुवातीला हातोडीने वाजवून कानाने ओळखत. पुढे आवाजाच्या लहरी आत सोडणारं यंत्र आलं. यंत्र आलं तरी दिगंबररावांनी रोज सकाळी पहिलं काम एकच केलं. मुद्दाम भोक पाडलेला एक पोलादी ठोकळा त्यांच्या कपाटात असे. यंत्र आधी त्या ठोकळ्याला लावायचं. ठोकळ्यातलं भोक यंत्राला दिसलं, तरच मालाला हात. "आधी मापाची परीक्षा, मग मालाची," हे त्यांचं वाक्य खात्यातल्या प्रत्येकाला पाठ होतं.

देवावरही त्यांचा पुरता विश्वास नव्हता, पण पूजेत कसूर चालत नसे. खंडेनवमीला सगळं खातं झाडून पुसून ते स्वतः प्रत्येक यंत्राला गंध, हळदकुंकू आणि झेंडू वाहत. तेही कुठेही नाही. यंत्राचं जे अंग काम करतं, नेमकं तिथे. हातोडीच्या तोंडाला, लेथच्या जबड्याला.

मग बाहेरचा माल देशात यायला लागला, फाउंड्रीची खाती एकेक करून बंद झाली, आणि २००१ साली दिगंबररावांनी बावन्नाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. पुढची पाच वर्षं घरच्यांना जड गेली. दूधवाला, पेपरवाला, सोसायटीचा सेक्रेटरी, सगळे संशयाच्या फेऱ्यात आले. वासंतीबाईंनी पोळ्या मोजून ठेवायलाच सुरुवात केली, म्हणजे विचारलं की लगेच सांगता यावं.

या कंटाळ्यातून त्यांना सोडवलं डॉ. सुरुची दातीर यांनी. सुरुचीचे वडील फाउंड्रीत दिगंबररावांचे साहेब होते. ती अमेरिकेत शिकून परत आली होती आणि कर्वेनगरमधल्या एका बंगल्यात तिने छोटी प्रयोगशाळा काढली होती. समोरच्या इमारतीत सॉफ्टवेअरची कंपनी होती आणि तिच्या पाटीपुढे सुरुचीची पाटी कुणाला दिसत नसे. या प्रयोगशाळेत ती माणसाची कातडी वाढवत असे. भाजलेल्या माणसाच्या मांडीवरून पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी वेगळ्या करायच्या, त्यांना खाऊपिऊ घालायचं, आणि तीन आठवड्यांत तळहाताएवढा पातळ पापुद्रा तयार करायचा. प्रयोगशाळेत सगळे त्याला शीट म्हणत. दिगंबररावांनी कधी पापुद्र्याखेरीज दुसरा शब्द वापरला नाही.

"काका," सुरुची म्हणाली होती, "हुशार मुलं मला हवी तेवढी मिळतात. मला असा माणूस हवाय, ज्याचा कशावरच विश्वास नाही."

"मग योग्य ठिकाणी आलीस," आतून वासंतीबाई म्हणाल्या.

पहिल्याच दिवशी दिगंबररावांनी विचारलं, "पापुद्रा चांगला आहे, हे तुम्हाला कळतं कसं?"

"तुकडा कापून रंग टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो."

"कापलं की कळतं. पण कापलं की संपतं."

"तेच तर दुखणं आहे, काका. पेशंटची स्वतःचीच कातडी. बोटभर कापली, तरी तेवढी जखम उघडी राहते."

त्यासाठी सुरुचीने एक मीटर मागवलं होतं. पापुद्रा एका वाटीत द्रवावर तरंगत असतो. एक तार त्याच्या वर, एक खाली, आणि मधून अगदी नकळेल इतकी वीज सोडायची. कातडी अखंड असेल तर ती वीज अडवते आणि आकडा मोठा येतो. कुठे विरळ असेल, भोक असेल, तर वीज तिथून निसटते आणि आकडा पडतो. पापुद्र्याला काही होत नाही. वाटी आणि द्रव यांचा स्वतःचा थोडा अडथळा असतो, म्हणून पापुद्रा नसलेल्या रिकाम्या वाटीचं माप घेऊन ते वजा करायचं. उरलेला आकडा तीनशेच्या वर असला पाहिजे.

हा तीनशेचा आकडा दिगंबररावांनीच बसवला. सहा महिने त्यांनी पेशंटला न लावायचे, सरावाचे साठ पापुद्रे आधी मीटरने मोजले, मग कापून पाहिले. साठपैकी साठ वेळा मीटर खरं निघालं. साठावा पापुद्रा कापला त्या दिवशी ते घरी येऊन म्हणाले, "यंत्र प्रामाणिक आहे." वासंतीबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली होती आणि हे विशेषण त्यांनी यजमानांच्या तोंडून प्रथमच ऐकलं होतं. रिकाम्या वाटीचं माप महिन्यातून एकदा, एक तारखेला घ्यावं, असं मीटरच्या पुस्तिकेत छापलं होतं. दिगंबररावांनी तोच नियम ठेवला. पोलादी ठोकळ्याची आठवण त्यांना झाली नाही.

रोजची मापं घेई नम्रता गावंडे. अकोल्याकडची, चोवीस वर्षांची, हिंजवडीत नोकरी करणाऱ्या तीन मैत्रिणींबरोबर खोली करून राहणारी. हात विलक्षण स्थिर, बोलणं सरळसोट.

२००८च्या ऑक्टोबरात सरुबाईंचे पापुद्रे वाढत होते. सरुबाई धायरीच्या. स्टोव्हचा भडका उडून त्यांचा गळा आणि छाती भाजली होती. तीन पापुद्रे लागणार होते, दोन गळ्याला आणि एक छातीला, आणि बरोबर तीनच वाढले होते. शस्त्रक्रिया ठरली तेवीस तारखेच्या गुरुवारी.

त्या वर्षी खंडेनवमी आठ तारखेला, बुधवारी आली. दिगंबररावांनी संध्याकाळी सगळी उपकरणं पुसली. पापुद्रे ठेवतात त्या कपाटाला ते शिवलेही नाहीत, तिथली स्वच्छता त्यांना ठाऊक होती. मीटरची पेटी बाहेर मांडणीवर असे. तिची वायर त्यांनी काढली, पुसली, वायरच्या पितळी टोकाला चंदनाचं गंध लावलं, अक्षता वाहिल्या, हात जोडले आणि वायर परत खोचली. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी होती.

शुक्रवारपासून आकडे वाढायला लागले.

एरवी आठवड्याला सरावाचे एकदोन पापुद्रे नापास होत. आता एकही होईना. तीनशेवीस, तीनशेतीस दिसायचे तिथे चारशे, साडेचारशे दिसू लागले. सुरुची खूश झाली. "नवीन द्रव मानवला बहुतेक," ती म्हणाली. दिगंबरराव मात्र खूश झाले नाहीत. फाउंड्रीतही ज्या आठवड्यात सगळाच माल पास होई, त्या आठवड्यात कुणीतरी झोपलेलं असे, नाहीतर कुणीतरी खोटं लिहीत असे.

यंत्र प्रामाणिक. मग उरलं कोण?

सप्टेंबरात एका पेशंटचे दोन पापुद्रे वाया गेले होते, तेव्हा सुरुची नम्रताला सगळ्यांदेखत बोलली होती. पोरगी दोन दिवस जेवली नव्हती. बोलणी बसू नयेत म्हणून माणूस काय करणार नाही? दिगंबररावांनी मनातल्या मनात फाईल उघडली. ते साडेनऊऐवजी साडेआठला यायला लागले. तिच्या नोंदींची शाई उजेडात तिरपी धरून बघू लागले. एकदा तिच्या मागे इतका वेळ उभे राहिले, की ती म्हणाली, "सर, काही पाहिजे का?"

"नाही. चालू दे."

"मग खुर्चीवर बसा नं. पाय दुखतील."

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा उघडता उघडता सहज विचारल्यासारखं विचारलं, "हल्ली आकडे छान येतात, नाही?"

"हो नं सर. मलेच नवल वाटून राहिलं."

तिलाच नवल वाटतंय! दिगंबररावांनी तेही फाईलला लावलं. चोराला सगळ्यात जास्त नवल वाटतं, हा त्यांचा अनुभव होता.

वीस तारखेला, सोमवारी, ती स्वतः त्यांच्या टेबलाशी आली. "सर, रिकाम्या वाटीचं माप पण वाढलं आहे."

"एक तारखेला घेतलंय ना ते?"

"हो, पण मी—"

"मग पुढच्या एक तारखेला बघू. कारणं आधीपासून तयार करून ठेवू नयेत, नम्रता."

ती निघून गेली.

घरी वासंतीबाईंनी पोळी वाढताना विचारलं, "सध्या कुणावर आहे?"

"काय?"

"संशय. भाजीत मीठ नाही आणि तुम्ही बोलला नाहीत, म्हणजे मोठं काहीतरी दिसतंय."

मंगळवारी सरुबाईंचे यजमान, रंगराव, बंगल्याच्या पायरीवर येऊन बसले. हातात टोपी, पायात नवी चप्पल. दिगंबरराव बाहेर आले तसे ते उठले.

"सायेब, उगावली का हो कातडी?"

"उगवतेय."

"डाक्टरीनबाई म्हनल्या गुरवारी लावायची. आमची मंडळी इचारती, आपलीच हाय ना? दुसऱ्या कुनाची न्हाय ना?"

"त्यांचीच आहे."

"मंग चांगलीच असंल," रंगराव म्हणाले आणि हसले. "तिची कातडी लई चिवट हाय."

पापुद्रा विरळ असेल तर तो जखमेवर धरत नाही, आठवड्यात गळून पडतो, आणि खाली पू झाला तर गळ्याशी झालेला पू माणूस घेऊन जातो. कागदावर तिन्ही पापुद्रे पास होते. पहिला चारशे पंचावन्न, दुसरा चारशे चाळीस, तिसरा तीनशे चौसष्ट. चारशे पंचावन्न! साठ पापुद्र्यांत एकदाही दिसला नव्हता असा आकडा. खोटं असेल तर सगळ्यात मोठं खोटं तिथेच, असं त्यांचं गणित झालं.

बुधवारी सकाळी ते सुरुचीच्या खोलीत गेले.

"मला एक नंबरचा पापुद्रा कापून बघायचाय."

सुरुची खुर्चीतून अर्धवट उठली. "काका, उद्या ऑपरेशन आहे. तीनच आहेत. एक कापला तर गळा अर्धा उघडा राहील. पुन्हा वाढवायला तीन आठवडे."

"आणि तो फसवा असला तर?"

"मीटर चारशे पंचावन्न दाखवतंय. मीटरची परीक्षा तुम्हीच घेतलीत. तुमचा संशय मीटरवर आहे, की माणसावर?"

"माणसावर," दिगंबरराव म्हणाले.

दार उघडं होतं. दारात नम्रता उभी होती. हातात दिवसाची मापं लिहिलेला कागद होता.

"म्हणजे माह्यावर," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण अकोला पुरता वर आला होता. "मी काहून खोटं लिहीन, सर? त्या बाईच्या गळ्याले लागणार आहे ते."

"तसं सिद्ध झालं तर आनंदच आहे."

"थांबा."

ती गेली आणि एक छोटी वही घेऊन आली. किराणा दुकानात मिळते तसली, वर गुलाबाचं चित्र असलेली. तिने ती सुरुचीसमोर न ठेवता दिगंबररावांसमोर ठेवली.

"हे काय?"

"रिकाम्या वाटीचं माप. तुमचा नियम महिन्यातून एकदाचा. मी रोज सकाळी घेते. कुणी सांगितलं नाही, मलेच बरं वाटत नाही घेतल्याशिवाय. आधी माप तपासावं, मग बाकीचं. सोमवारी हेच सांगाले आली होती."

दिगंबररावांनी चष्मा लावला. सुबक अक्षरात तारखा आणि आकडे. एक तारखेला एकशे अकरा. मग एकशे दहा, एकशे बारा, एकशे अकरा. सात तारीख, मंगळवार, एकशे अकरा. आठ तारीख, बुधवार सकाळ, एकशे दहा. नऊला सुट्टी. दहा तारीख, शुक्रवार, एकशे अठ्ठ्याण्णव. पुढे दोनशे चौदा, दोनशे पंचवीस. आजचा, दोनशे बेचाळीस.

वाटीत काही नाही, आणि तरी वीज अडते आहे. म्हणजे ती वाटीत अडत नव्हती. आणि वजा मात्र एक तारखेचे एकशे अकराच होत होते.

"बुधवार सकाळ ते शुक्रवार सकाळ," ते सावकाश म्हणाले. तपासनिसाचा आवाज होता तो, सवयीने निघालेला. "यादरम्यान मीटरला कुणी हात लावला?"

नम्रताने मान खाली घातली. तिला उत्तर माहीत होतं आणि ते तिला तोंडाने काढायचं नव्हतं.

दिगंबरराव उठले. मांडणीपाशी जाऊन त्यांनी वायर उपसली आणि पितळी टोकावर नख ओढलं. पिवळट पांढरी खपली निघाली, तिच्यात तांदळाच्या दाण्याची एक चिमुकली कणी. त्यांनी ती नाकाशी नेली. चंदन होतं. रोज थोडं थोडं वाळून घट्ट होत गेलेलं, दर दिवशी वीज जरा जास्त अडवणारं.

सुरुची मागे येऊन उभी होती. "काका, होतं असं कधी कधी."

"होत नाही. केलं जातं."

त्यांनी स्पिरिटने टोक पुसलं, पेटीचं छिद्र पुसलं, पुन्हा पुसलं. नम्रताने रिकामी वाटी लावली. एकशे अकरा. मग तिने सरुबाईंचे तिन्ही पापुद्रे एकेक करून मोजले आणि दिगंबरराव काचेपलीकडून बघत राहिले. पहिला, तीनशे चोवीस. दुसरा, तीनशे नऊ. तिसरा, दोनशे तेहेतीस.

तिसरा नापास होता. संशय म्हणजे खराच होता. पण जो पापुद्रा कापायला ते सकाळी निघाले होते, तो तिन्हींतला सर्वांत चांगला होता. तो कापला असता, आतून अखंड निघाला असता, मग त्यांनी समाधानाने उरलेले दोन्ही पाठवले असते. तिसरा विरळ पापुद्रा सरुबाईंच्या अंगावर जाऊन बसला असता. दिगंबररावांनी हे सगळं उभ्या उभ्या शेवटपर्यंत नेऊन पाहिलं. मग ते स्टुलावर बसले.

सुरुचीने हॉस्पिटलला फोन केला. दोन पापुद्रे गळ्याला लावायचे, छातीला तूर्त नुसती पट्टी, तिसरा नव्याने वाढवायचा, असं ठरलं. दसऱ्यानंतर पास झालेले बाकीचे सगळे पापुद्रे सरावाचे होते, बाहेर एकही गेला नव्हता. ते तिने दोनदा तपासलं, आणि नंतर दिगंबररावांनी तिसऱ्यांदा.

दोषांच्या नोंदवहीत दिगंबररावांनी स्वतःच्या हाताने लिहिलं : "मीटरच्या वायरीला गंध लागल्याने आकडा चढा. लावणारा, दि. खांबेटे. दोष उघड करणारी, न. गावंडे. सूचना देऊनही दि. खांबेटे यांनी ऐकली नाही."

सुरुची म्हणाली, "नाव लिहायची गरज नव्हती, काका."

"सकाळी तिचं लिहायला निघालो होतो. तेव्हा गरज होती?"

नम्रताची क्षमा मागणं त्यांना जमलं नाही. ते तिच्या टेबलाशी गेले, घसा साफ केला आणि म्हणाले, "त्या वहीचा कागद फार हलका आहे. चांगली आणून देतो."

"राहू द्या, सर. हीच बरी आहे. हिच्यावर कुणाचं लक्ष नव्हतं म्हणून तर खरं राहिलं यात."

दिगंबरराव आपल्या टेबलाशी परत गेले.

संध्याकाळी रंगराव आले तेव्हा दिगंबरराव त्यांच्या शेजारी पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. दोन उगवल्या, तिसरी विरळ राहिली, आणि माझ्या चुकीमुळे ती चांगली समजून लावली जाणार होती, हेही सांगितलं. रंगरावांनी टोपी हातात फिरवली.

"पूजेनं झालं म्हना की."

"पूजेनं नाही. मी केलं."

"लावली न्हाय ना पर?"

"नाही लावली."

"मंग वाढवा दुसरी. आमी थांबू. दिवाळी तर तशी बी गेलीच हाय आमची."

घरी वासंतीबाईंनी दार उघडलं आणि चेहरा बघून विचारलं, "सापडलं कोण?"

"मी."

त्यांनी चहा ठेवला. कप समोर आला तेव्हा दिगंबररावांनी तो न वाजवता उचलला. वासंतीबाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "वाजवा हो. उगाच नवीन काही सुरू करू नका, मला सवय नाही."

सरुबाईंच्या गळ्याचे दोन्ही पापुद्रे धरले. तिसऱ्यासाठी दिवाळीनंतर नवा तुकडा घेतला आणि तो पापुद्रा नोव्हेंबरच्या शेवटी तयार झाला, रिकाम्या वाटीचं माप वजा करून तीनशे सोळा. तो डिसेंबरात छातीला लावला. रिकाम्या वाटीचं माप आता रोज घ्यायचा नियम झाला आणि त्या मापाखाली दोन सह्या लागू लागल्या. नम्रताने आकडा सांगितला की दिगंबरराव उठून स्वतः मीटरवर वाकून बघत. ते वाकले, की नम्रता त्यांचे हात बघे.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला दिगंबरराव गंधाची वाटी घेऊन आले, तेव्हा ती मांडणीसमोर हाताची घडी घालून उभी होती.

"लांबून, सर."

त्यांनी लांबूनच हात जोडले. नम्रताने झेंडूचं एक फूल उचललं आणि ते गुलाबाचं चित्र असलेल्या वहीवर ठेवलं. दिगंबररावांनी क्षणभर विचार केला, मग पुढे होऊन वहीच्या पुठ्ठ्याला बोटभर गंध लावलं. लावण्याआधी, पानं मिटलेली आहेत ना, हे मात्र त्यांनी दोनदा बघून घेतलं.